जुनं, छोटं रिव्हॉल्व्हर घ्यायचं तर : काउंटरपासून खिशापर्यंत

दुकानदाराने काचेच्या काउंटरवर निळी पुठ्ठ्याची पेटी ठेवली. आत स्मिथ अँड वेसनचं मॉडेल ६४२, दोन बारीक किल्ल्या, घडीही न मोडलेलं माहितीपत्रक आणि सोबत काडतुसांचा पन्नासाचा डबा. किराणा दुकान चालवणाऱ्या बाईच्या सवयीने मी मोजली. पंचेचाळीस भरली.

म्हणजे पहिल्या मालकाने एकदा सिलिंडर, म्हणजे काडतुसांचं फिरतं चाक, भरला, पाच बार काढले, तळहात चोळत घरी गेला आणि पुन्हा त्या वस्तूच्या वाटेला गेला नाही. काही वर्षं कपाटात, मग दुकानात, मग माझ्याकडे. अमेरिकेतला छोट्या रिव्हॉल्व्हरचा सेकंडहँड बाजार अशा पेट्यांनी भरलेला आहे. लोक वजन बघून घेतात आणि धक्का खाऊन विकतात. खिशात घालायला याच्याइतकं सोपं हत्यार नाही आणि नेम धरून चालवायला याच्याइतकं अवघडही नाही. पहिल्या मालकाचं हे गणित चुकतं म्हणून आपल्याला माल स्वस्त मिळतो. आपलंही चुकलं तर वर्षभराने तीच पेटी तिसऱ्याच्या काउंटरवर जाते. माझी एक गेलेली आहे, ती गोष्ट पुढे येते.

मी ह्यूस्टनच्या पश्चिमेला राहते. रात्री साडेनऊला शटर ओढून गल्ला घेऊन निघते. खालचं सगळं टेक्सासच्या अनुभवातून आलंय, दुसऱ्या राज्यात कायदा दुसरा.

आधी पासपोर्टातला व्हिसा बघा

आपल्या मंडळींना हे सांगावंच लागतं, कारण नेमबाजीच्या रेंजवर दर महिन्याला कोणीतरी नवा मुलगा मित्राबरोबर हौसेने आलेला दिसतो. एच-१बी, एल-१, एफ-१ असे नॉन-इमिग्रंट व्हिसा असणाऱ्यांना फेडरल कायद्याने बंदूक आणि काडतूस बाळगायला बंदी आहे. विकत घेणं तर सोडाच, जवळ असणंही गुन्हा. राज्याचं वैध शिकार-लायसन्स असे मोजके अपवाद आहेत, पण त्यात आपण बसतो की नाही हे मित्राला नाही, वकिलाला विचारायचं. ग्रीनकार्डवाल्यांना घेता येतं. मात्र हत्यारासंबंधीचा गुन्हा सिद्ध झाला तर ग्रीनकार्ड असूनही देशाबाहेर काढू शकतात.

दुकानातून घेताना ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा आणि दुकानदार पार्श्वभूमी तपासणी करतो. हँडगनसाठी वय २१ पूर्ण लागतं. फॉर्मवर "हे स्वतःसाठी घेताय का" असा प्रश्न असतो. एच-१बीवरच्या भाच्यासाठी मामाने घेऊन द्यायचं हा आपल्याकडचा प्रेमाचा व्यवहार इथे सरळ तुरुंगाचा आहे. गांजाचंही तेच. राज्यात चालत असला तरी फेडरल फॉर्मवर चालत नाही, आणि तिथे खोटं लिहिलं तर तो वेगळा गुन्हा.

ओळखीतल्या माणसाकडून खासगीत घ्यायचं असेल तर काही राज्यांत चालतं, काहींत परवानाधारक दुकानातूनच नावावर करावं लागतं. विकणारा दुसऱ्या राज्यातला असेल तर मात्र दुकान मध्ये हवंच. चालत असलं तरी मी दुकानातूनच घेते. तीस-चाळीस डॉलर जातात, पण माल चोरीचा निघाला तर पोलिसांसमोर आपल्या हातात कागद असतो.

बाळगण्याचं लायसन्स वेगळं. टेक्सासात १ सप्टेंबर २०२१ पासून पात्र माणसाला लायसन्सशिवायही बाळगता येतं. तरी मी काढलं, कारण वर्गात कायदा शिकवतात आणि बऱ्याच राज्यांत ते चालतं. न्यूयॉर्क, न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, इलिनॉय यांत चालत नाही. २०२२ साली सुप्रीम कोर्टाने न्यूयॉर्कचा "खास कारण दाखवा" हा नियम रद्द केला, पण म्हणून टेक्सासचं कार्ड तिथे चालू लागलं असं नाही. न्यू जर्सीतल्या एडिसनला लग्नाला जाताना माझं रिव्हॉल्व्हर घरच्या तिजोरीत राहतं.

कुठलं

छोटं रिव्हॉल्व्हर म्हटलं की बहुतेक वेळा पाच गोळ्यांचं, दोन इंचांच्या आतबाहेर नळीचं, .३८ स्पेशल काडतुसाचं. ह्या घराण्याचा मूळ पुरुष म्हणजे स्मिथ अँड वेसनचं १९५० चं चीफ्स स्पेशल, पुढे त्याला मॉडेल ३६ नाव पडलं. पोलादी, सुमारे साडेपाचशे ग्रॅम. ६४२ आणि काळं ४४२ ही ॲल्युमिनियमच्या सांगाड्याची भावंडं, सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास. यांचा घोडा, म्हणजे काडतुसावर आघात करणारा भाग, आत झाकलेला, त्यामुळे खिशातून काढताना कापडात अडकत नाही. रूगरचं एसपी-१०१ दणकट आणि जड, २००९ मध्ये आलेलं एलसीआर हलकं आणि चापाला गुळगुळीत. टॉरसचं ८५ स्वस्त असतं. त्यात चांगला नग चांगला निघतो, वाईट नग वाईट, म्हणून तपासणी दुप्पट करायची. कोल्टचं डिटेक्टिव्ह स्पेशल १९२७ पासूनचं, सहा गोळ्यांचं आणि देखणं, पण संग्राहकांनी भाव चढवून ठेवलेत. शिवाय कोल्टची जुनी यंत्रणा नाजूक आणि ती दुरुस्त करणारे हात कमी होत चाललेत. शोकेससाठी घ्या, खिशासाठी नको.

आता माझी चूक. सुरुवातीला एका दुकानातल्या विक्रेत्याने "लेडीज गन" म्हणून .३५७ मॅग्नमचं पिसासारखं हलकं रिव्हॉल्व्हर गळ्यात मारलं. साडेतीनशे ग्रॅम. हातात घेतल्यावर खेळण्यासारखं वाटलं, पण पहिल्या बाराला अंगठ्याच्या बेचक्यातून कळ कोपरापर्यंत गेली. अकराव्या बारापासून मी चाप ओढायच्या आधीच डोळे मिटू लागले. तीस बार काढून, दीडशे डॉलरचं नुकसान सोसून परत विकलं. हत्यार हलकं तितका धक्का जास्त, हे साधं पदार्थविज्ञान त्या काउंटरवर कोणी बोलत नाही. बायकांना हलकं द्यायचं ही बहुधा कधी न चालवणाऱ्याची कल्पना असावी.

म्हणून मत विचाराल तर पहिलं रिव्हॉल्व्हर पोलादी घ्या, नाहीतर ६४२च्या वजनाच्या खाली जाऊ नका, आणि काडतूस .३८ स्पेशलच ठेवा. मनगटाला खरंच त्रास असेल तर .३२ मॅग्नम किंवा .२२ ची छोटी मॉडेलं आहेत. .२२ चं काडतूस कधीकधी पेटत नाही, एवढं लक्षात ठेवून.

आजोबांच्या ट्रंकेतून निघाल्यासारखी, मधोमध मोडून उघडणारी जुनी रिव्हॉल्व्हरं स्वस्तात दिसतात. त्यांच्यावर .३८ लिहिलेलं असलं तरी ते बहुतेक .३८ एस अँड डब्ल्यू हे वेगळं, आखूड काडतूस असतं. हात लावू नका. बऱ्याच जुन्यांत घोड्यावर आघात झाला की बार उडू शकतो, आत अटकाव नसतो. स्मिथ अँड वेसननेही आजचा पक्का अटकाव घातला तो १९४४-४५ च्या सुमाराला, नौदलातल्या एका खलाशाचा डेकवर पडलेल्या रिव्हॉल्व्हरने जीव गेल्यावर.

किल्ल्यांचं सांगायचं राहिलं. २००१ च्या आसपासपासून या कंपनीने सांगाड्यात कुलूप घातलं. डाव्या बाजूला सिलिंडर उघडायच्या खटक्याच्या वर बारीक भोक दिसतं ते. अगदी हलक्या मॉडेलांत धक्क्याने कुलूप आपोआप लागल्याच्या तक्रारी आहेत, त्यामुळे बिनकुलपाच्या नगाला लोक जास्त पैसे मोजतात. माझं कुलपाचं आहे. अजून तरी काही झालं नाही, आणि कुलपामुळेच भाव पाडून मिळालं.

काउंटरवर : घाई करायची नाही

बरोबर काय न्यायचं? छोटी टॉर्च, पांढऱ्या कागदाचा तुकडा आणि फिलर गेज. सांगलीला वडील चेतकच्या पॉइंटचा गॅप मोजायचे ना, तेच पात्यांचं गेज.

हत्यार हातात आलं की नळी माणसांकडे नाही, चाप मोकळा, बोट बाहेर. सिलिंडर उघडायचा. स्मिथचा खटका पुढे ढकलतात, कोल्टचा मागे ओढतात, रूगरचा आत दाबतात. काडतुसांची पाचही घरं डोळ्याने बघायची आणि करंगळीने चाचपायची. दुकानदाराने आत्ताच दाखवलं असलं तरीही. बंद करताना सिनेमातल्यासारखा मनगटाचा झटका द्यायचा नाही. त्याने सिलिंडर धरून ठेवणारा दांडा वाकतो, आणि आधीच्या मालकाने तो झटका दिलाय का हेच तर आपण शोधतोय.

पहिली नजर स्क्रूंवर. खाचा चावल्यासारख्या झाल्या असतील तर कोणीतरी घरगुती कारागिरी केली आहे, आणि आत काय केलंय देव जाणे. बहुतेकदा चाप हलका व्हावा म्हणून स्प्रिंग बदललेली किंवा कापलेली असते. मग चाप मऊ लागतो, गिऱ्हाईक खूश होतं आणि दहातलं एक काडतूस पेटत नाही. दुकानात मुद्दाम विचारा, "स्प्रिंग मूळची आहे का?" ६४२चा चाप मूळचाच बारा पौंडांच्या आसपास जड असतो. लोण्यासारखा वाटला तर आनंद मानू नका.

मुठीच्या पट्ट्या काढून दाखवायची विनंती करा. घामाचा गंज तिथे लपतो. ६४२च्या रुपेरी सांगाड्यावरचा थर पापुद्र्यासारखा उडालेला दिसेल. तो फक्त दिसण्याचा दोष आहे, त्यावर घासाघीस करा. ॲल्युमिनियमच्या सांगाड्यात खरी भीती दुसरीकडे असते. सिलिंडर उघडून, नळी सांगाड्यात जिथे घुसते त्याच्या खालच्या पातळ भागावर टॉर्च मारा. केसासारखी रेघ दिसली तर ती तडा आहे. नमस्कार करून परत द्यायचं, तडा सांधत नाही.

नळीत बघताना सिलिंडर उघडा ठेवून मागच्या बाजूला पांढरा कागद धरा आणि वरून टॉर्च टाका. आटे स्वच्छ फिरत गेलेले दिसले पाहिजेत. मध्ये काळं कडं दिसलं तर नळी तिथे फुगलेली आहे. अडकलेल्या गोळीमागे दुसरी गोळी झाडली की असं होतं.

मग फट. नळीचं मागचं तोंड आणि सिलिंडर यांच्यामध्ये फट असतेच, त्याशिवाय सिलिंडर फिरणार कसा? ०.१० ते ०.२० मिलिमीटर चांगली. ०.२५च्या पुढे गेली तर मी घेत नाही, वायू आणि शिशाचे कण बाजूने उडतात. सिलिंडर मागे दाबून एकदा मोजा, पुढे ओढून एकदा. दोन मापांतला फरक म्हणजे सिलिंडरची पुढेमागे ढिलाई. ती ०.०५च्या आसपास ठीक, ०.१०च्या वर गेली तर झीज झाली समजा. वॉशर घालून दुरुस्त होते, पण तो खर्च किमतीतून वजा करायचा.

सिलिंडर उघडून हलकेच गरागरा फिरवा आणि झाडलेल्या काडतुसांची रिकामी टोपणं बाहेर ढकलणाऱ्या मधल्या एजेक्टर दांड्याचं टोक बघा. वाकलेल्या चाकासारखं वळवळत असेल तर दांडा वाकलाय.

सगळ्यात महत्त्वाचं टायमिंग. चाप ओढताना सिलिंडर फिरतो, पुढचं घर नळीच्या रेषेत येतं आणि खालून एक खुंटी त्याला पकडते. हे सगळं घोडा पडायच्या आधी झालं पाहिजे. कोरा बार म्हणजे काडतुसाशिवाय चाप ओढणं, त्याला दुकानदाराची परवानगी घ्या. घोडा बाहेर असलेल्या मॉडेलात अंगठ्याने घोडा अगदी हळू मागे घ्यायचा आणि दुसऱ्या हाताचं बोट सिलिंडरला ब्रेक लावल्यासारखं हलकं टेकवायचं. घोडा पूर्ण मागे जायच्या आत खुंटीचा "टक" ऐकू आला पाहिजे. ६४२मध्ये घोडा दिसत नाही, म्हणून चाप सावकाश ओढून बार काढायचा, चाप दाबलेलाच ठेवायचा आणि सिलिंडर फिरतो त्याच दिशेने बोटाने पुढे ढकलायचा. आता जर "टक" वाजलं तर खुंटी उशिरा पकडतेय. पाचही घरांना हे करायचं, कारण चार बरोबर आणि एक उशिरा असं असू शकतं.

मी ती पेटी घेतली त्याच्या आधी त्याच काउंटरवर दुसरं एक ६४२ होतं, चाळीस डॉलरने स्वस्त. पहिल्या तीन घरांना काही नाही. चौथ्याला चाप दाबून धरलेला असताना बोटाने ढकललं आणि बारीक "टक". दुकानदार म्हणाला, "इतकं कोणी बघत नाही." मी म्हटलं, "म्हणून तर इथे पडून आहे." असं उशिरा पकडणारं घर गोळी नळीच्या तोंडात वाकडी घालतं आणि शिसं छिलून बाजूच्या माणसाच्या गालावर उडतं.

घोडा बाहेर असेल तर शेवटची परीक्षा अशी : घोडा मागे चढवायचा, चापाला हात न लावता मागून अंगठ्याने बऱ्यापैकी जोर द्यायचा. घोडा पडला तर ते धोक्याचं हत्यार आहे, कितीही स्वस्त असलं तरी.

चाप दाबून धरलेला असताना सिलिंडर डावीउजवीकडे किंचित हलला तर स्मिथ आणि रूगरमध्ये चालतं. जुन्या कोल्टमध्ये मात्र तो दगडासारखा घट्ट लागला पाहिजे.

पहिले शंभर बार

घरी आणल्यावर आधी साफसफाई, मग रेंज. सुरुवात १४८ ग्रेन वजनाच्या गोळीच्या वॅडकटर काडतुसांनी करा. चपट्या तोंडाची, मऊ धक्क्याची असतात आणि कागदावर पंचिंग मशिनसारखं गोल भोक पाडतात. हात घाबरला की आठवडेच्या आठवडे तो परत येत नाही. माझा अनुभव वर सांगितलाच.

नंतर बाळगायची काडतुसं. जोरकस काडतुसांवर प्लसचं चिन्ह आणि पी असतं, त्यांचा कमाल दाब साध्या .३८ स्पेशलच्या १७,००० ऐवजी २०,००० पीएसआय. नळीवर किंवा माहितीपत्रकात तसं लिहिलं असेल तरच ती घाला. जुन्या ॲल्युमिनियमच्या नगात नको. आखूड नळीसाठी मुद्दाम बनवलेलं स्पीअरचं १३५ ग्रेनचं गोल्ड डॉट खूप लोक वापरतात. मला त्याचा धक्का पहिल्या वर्षी झेपत नव्हता, तेव्हा मी वॅडकटरच बाळगत होते. लागलेली मऊ गोळी चुकलेल्या जबर गोळीपेक्षा बरी. न्यू जर्सीत राहत असाल तर पोकळ टोकाच्या गोळ्यांबद्दल तिथला वेगळा कडक कायदा आधी वाचा.

हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये एक परीक्षा कराच. पाच भरा, चार झाडा, पाचवं काडतूस बाहेर काढून न झाडलेल्या नव्या काडतुसाशेजारी उभं करा. धक्क्याने कधीकधी गोळी टोपणातून पुढे सरकते, आणि फार सरकली तर नळीला अडकून सिलिंडरच थांबतो. पाचवं उंच दिसलं तर ती कंपनी तुमच्या हत्यारासाठी बाद.

शंभरात एकही फुसका निघता कामा नये. चाप दाबला आणि नुसतं "खट" झालं तर नळी समोरच ठेवून तीस सेकंद थांबा, कधीकधी बार उशिरा उडतो. मग ते काडतूस बाहेर काढा. दोन-तीनदा झालं तर स्प्रिंगचा संशय धरून कारागिराकडे न्या. आणि बार नेहमीपेक्षा दबका आला, "फुस्स" असा, तर तिथेच थांबा. गोळी नळीत अडकली असू शकते. रिकामं करून नळी तपासल्याशिवाय पुढचा चाप नाही.

हात बसवणं

गणित बघा : रिव्हॉल्व्हर एका पौंडाच्या आत, चाप बारा पौंडांचा. चाप ओढायला लावलेला जोर आख्खं हत्यारच हलवतो. म्हणून मूठ वर, सांगाड्याच्या मागच्या कमानीत खोल जावी, दोन्ही हात घट्ट. अंगठे पुढे ताणायचे नाहीत, खाली मुडपायचे. पिस्तुलाची सवय असलेले लोक अंगठा पुढे नेतात आणि नळी-सिलिंडरमधल्या त्या फटीतून निघणारा वायू कातडी भाजतो.

चाप झटक्यात नाही, एकसारखा, विहिरीतून घागर ओढतो तसा. आणि सोडतानाही पूर्ण सोडायचा. अर्धवट सोडून पुन्हा ओढला तर यंत्रणा अडकते, आणि घाबरलेलं बोट नेमकं अर्धवटच सोडतं.

सराव घरी, फुकट. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून दार लावायचं. सिलिंडर पुन्हा तपासायचा, स्नॅप कॅप म्हणजे खोटी काडतुसं घालायची. नेम अशा भिंतीवर की जिच्यापलीकडे माणूस नाही. मग नळीच्या टोकावरच्या माशीमागे, म्हणजे नेम धरायच्या उंचवट्यामागे, एक रुपयाचं नाणं आडवं ठेवायचं आणि चाप ओढायचा. नाणं पडलं नाही पाहिजे. मला पहिल्यांदा जमायला अठरा दिवस लागले. रोज वीस ओढी पुरे, त्यापुढे बोट थकून चुकीचं शिकतं. सराव संपला की "संपला" असं मोठ्याने म्हणायचं आणि मगच काडतुसांच्या खोलीचं दार उघडायचं. वेडेपणा वाटेल, पण कोऱ्या सरावातले अपघात बहुधा "अजून एकदा" म्हणताना होतात.

रेंजवर तीन, पाच, सात यार्डांवर कागदी ताटली. त्यात पाचही बसू लागल्या की पुढे. टेक्सासच्या लायसन्सची परीक्षा ५० गोळ्यांची, ३, ७ आणि १५ यार्डांवर, २५० पैकी १७५ला पास. शेवटच्या दहा १५ यार्डांवरच्या, आणि तिथे छोटं रिव्हॉल्व्हर माणसाला नम्र करतं.

पुन्हा भरताना नळी आकाशाकडे करून एजेक्टरवर तळहाताने एक ठाम टोला द्यायचा. आखूड दांडा टोपणं पूर्ण बाहेर ढकलत नाही, त्यामुळे हळू दाबलं की एखादं टोपण चांदणीच्या आकाराच्या पट्टीखाली शिरतं आणि सगळं अडकतं. मग नळी जमिनीकडे करून भरायचं. रबरी पट्टीतली जादा काडतुसं खिशात सपाट बसतात.

रेंजवरून आलं की थंड पाण्याने साबण लावून हात धुवायचे, चेहराही. शिसं असतं. त्याआधी चहाबिस्किट नाही. साफ करताना त्या चांदणीखालचा भाग टूथब्रशने घासायचा. तिथे बसलेला एक न जळालेला कणही सिलिंडर जाम करतो.

खिसा, पर्स, साडी

खिशात ठेवायचं तर खिशाचं होल्स्टर हवंच, चाप पूर्ण झाकणारं, आणि त्या खिशात दुसरं काही नाही. किल्ली नाही, लिपस्टिक नाही, देवळातला अंगारा नाही. दर आठवड्याला काढून कापसाचे तंतू फुंकायचे. ह्यूस्टनच्या दमट हवेत पोलादाला हलका तेलाचा हात, काडतुसांना मात्र तेल लागू द्यायचं नाही.

बायकांच्या पँटला खिसेच नसतात हा खरा प्रश्न. पर्सचा मोह होतो. मी पर्सच्या विरुद्ध आहे. ती खांद्यावरून हिसकावली जाते, खुर्चीला टांगलेली राहते आणि तीन वर्षांची नात तिच्यात चॉकलेट शोधते. मी पोटाला बांधायचा रुंद पट्टा वापरते, त्यावर सैल कुर्ता. साडीवर एकदा करून बघितलं, निऱ्यांमधून हात घालायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात चोर जेवूनही गेला असता. साडीच्या दिवशी घरीच ठेवते. तसंही साडी नेसते ती मंदिरात जायला, आणि आमच्या मंदिराच्या दारावर ३०.०६ चा फलक आहे. तो फलक म्हणजे लायसन्स असलं तरी आत लपवून आणायचं नाही. ५१ टक्क्यांचा लाल आकडा असलेल्या, म्हणजे निम्म्याहून जास्त कमाई दारूची असलेल्या बारमध्येही नाही, पोस्टातही नाही. पोस्टाचं मी दोनदा विसरून परत फिरले आहे.

बाहेर काढायचं कधी? वर्गातल्या शिक्षकाने सांगितलं ते मी पाळते : जीव जाईल किंवा गंभीर इजा होईल अशी वेळ डोळ्यासमोर असेल आणि दुसरा मार्ग नसेल तेव्हाच. गल्ला मागितला तर गल्ला देते, त्याचा विमा आहे. पार्किंगमध्ये वाद घालणाऱ्याला नुसतं दाखवणं हाही गुन्हा ठरू शकतो. सहा वर्षांत मी ते एकदाही काढलेलं नाही, आणि नवरा दर दिवाळीला त्याबद्दल पेढा देतो.

घरात, आणि भारतात येताना

घरात असताना ते माझ्या अंगावर असतं किंवा भिंतीला बोल्ट केलेल्या छोट्या पेटीत. उशीखाली नाही, देवघराच्या खणात तर नाहीच. गावाहून सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या की त्या सगळी कपाटं आवरतात, हे धरूनच पेटीची जागा ठरवायची.

भारतातल्या विमानतळांवर अमेरिकेतून आलेल्या लोकांच्या बॅगेत एखादं जिवंत काडतूस सापडतं. मुद्दाम आणलेलं नसतं, पाठपिशवीच्या शिवणीत राहिलेलं असतं. पण १९५९ चा शस्त्र कायदा काडतुसालाही लागू आहे. सुट्टी पोलीस ठाण्यात आणि कोर्टात जाते, मग "मला माहीतच नव्हतं" हे सिद्ध करत बसायचं. म्हणून माझी रेंजची पिशवी वेगळी आहे, नारिंगी फीत बांधलेली. ती गाडीतून गराजमध्ये येते, गराजमधून घरात येत नाही, आणि प्रवासाच्या बॅगा जिथे भरतो त्या खोलीत तर कधीच नाही. तरीही निघायच्या आदल्या रात्री मी प्रत्येक बॅग उलटी करून टाइल्सवर आपटते. काडतूस असेल तर त्याचा आवाज नाण्यापेक्षा जड येतो.